विशेष आणि संख्या

भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. येथील रुळांच्या पोलादात लोहाबरोबर थोडे मँगनीजही असते. या दोन धातूंच्या अणूंत मुळात भेद तो कोणता?

कणादाच्या वैशेषिक परंपरेने प्रत्येक परमाणूला त्याचा स्वतःचा ‘विशेष’ मानला. त्यायोगे तो आपल्या सजातीयांहूनही वेगळा ठरे. याउलट डाल्टनने १८०८ साली एका मूलद्रव्याचे सारे अणू समान व अविभाज्य मानले. पुढे १८९७ साली थॉमसनला निरनिराळ्या धातूंच्या ऋणाग्रांतून एकाच जातीचे कण निघताना आढळले, तेच इलेक्ट्रॉन. मूलद्रव्याची ओळख अणुकेंद्राच्या विद्युत्भारात आहे, हे १९१३ साली मोझलीने दाखविले. मँगनीजचे प्रोटॉन २५, लोहाचे २६, भेद एवढाच! १९३२ साली चॅडविकला न्यूट्रॉन सापडला, आणि लोहाचेच काही अणू इतरांहून जड का, याचाही उलगडा झाला.

दोन इलेक्ट्रॉनांची अदलाबदल केली, तर निसर्गात काहीच पालटत नाही. त्यांना ‘विशेष’ नाही. वैविध्य सारे संख्येचे व रचनेचे. कणांपुरते कणादाचे मत मागे पडले. नाना प्रांतांतून येथे आलेल्या माणसांविषयी मात्र, हजेरीपटावर ती आकड्यांनी मोजली जात असली तरी, तेच खरे आहे.