शाळिग्रामाचं कूळ

देवघरातल्या देवांत शाळिग्राम वेगळा. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचे टाक हे सगळे माणसाच्या हातचे. कुणी ओतलेले, कुणी ठोकलेले. शाळिग्राम कुणी घडवत नाही, तो सापडतो. म्हणून त्याची प्राणप्रतिष्ठाही करावी लागत नाही. ताम्हनात ठेवून पाणी घालायचं, पुसायचं, तुळशीपत्र वाहायचं आणि पुन्हा संपुष्टात ठेवायचं, एवढीच त्याची पूजा. पाण्याने ओला झाला की त्याच्या काळ्या अंगावरचं चक्र उठून दिसतं. हे चक्र म्हणजे अ‍ॅमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याच्या शंखाचा ठसा, एवढं आता बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण तो समुद्र कुठला, त्याचा गाळ हिमालयात कसा चढला आणि तिथून शाळिग्राम आपल्या ताम्हनात कसा आला, हे सहसा कुणी सांगत नाही.

महाराष्ट्रात ही गोष्ट सांगायला एक खास कारण आहे. आपल्या राज्याची सुमारे चार-पंचमांश जमीन बसाल्टवर उभी आहे. हा खडक लाव्हा थिजून झालेला, त्यामुळे त्यात शंखशिंपले मिळत नाहीत. दोन लाव्ह्यांच्या मध्ये सापडलेल्या तळ्यांच्या गाळात थोडंफार हाती लागतं. मुंबईत वरळीला बेडकांचे सांगाडे मिळाले ते अशाच गाळात. चंद्रपूर-सिरोंच्याकडे गाळाचे जुने खडक आहेत आणि तिथे डायनोसॉरची हाडंही निघाली आहेत. पण देशावरच्या, कोकणातल्या माणसाला रानात चालताना पायाखाली समुद्राचा प्राणी दिसणं जवळजवळ अशक्य. त्याच्या घरात एखादा जीवाश्म असलाच तर तो देवघरात असतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याला रोज आंघोळ घातली जाते.

शाळिग्राम येतो तो नेपाळमधल्या काली गंडकीतून. ही नदी तिबेटच्या सीमेलगत मुस्तांगमध्ये उगम पावते, धौलागिरी (८,१६७ मीटर) आणि अन्नपूर्णा (८,०९१ मीटर) या दोन पर्वतांच्या मधून दक्षिणेकडे वाट काढते आणि बिहारात सोनपूरजवळ गंगेला मिळते. त्या दोन शिखरांच्या दरम्यान नदीचं पात्र अडीच हजार मीटरच्या आसपास आहे, म्हणजे दोन्ही अंगांना साडेपाच किलोमीटर उंचीचा पर्वत. ही घळ ओलांडून उत्तरेला गेलं की सगळंच पालटतं. पाऊस पर्वताच्या दक्षिणेलाच अडतो. झाडं संपतात, दुपारी भन्नाट वारा सुटतो आणि डोंगर उघडेवाघडे समोर उभे राहतात. भूवैज्ञानिकाला याहून चांगली जागा नाही. वर माती नाही, रान नाही. थरावर थर, त्यांच्या घड्या, मोडलेले कडे, सगळं लांबूनच वाचता येतं. पांढुरके चुनखडक, तांबूस वालुकाश्म आणि त्यांच्यामध्ये एक काळा, मऊ, भुसभुशीत पट्टा. शाळिग्रामाचं माहेर ते हे. जोमसोम, कागबेनी आणि ३,७०० मीटरच्या वर असलेलं मुक्तिनाथ ही गावं याच मुलखातली. मुक्तिनाथला ज्वालामाईच्या देवळात पाण्याशेजारी ज्योत जळते, तिला इंधन जमिनीतून झिरपणाऱ्या नैसर्गिक वायूचं. गाळाच्या खडकांचा मुलूख असल्याची ही आणखी एक खूण.

तो काळा पट्टा म्हणजे शेल, चिखल दाबून झालेला खडक. बोटांनी खरवडला तरी खारीच्या पापुद्र्यांसारखा सुटत जातो. तो चिखल साचला साधारण सोळा ते साडेचौदा कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा भारताची भूमी दक्षिण गोलार्धात होती, आफ्रिका-अंटार्क्टिकासह एका मोठ्या खंडाला चिकटलेली, आणि तिच्या उत्तर किनाऱ्याला एक विस्तीर्ण समुद्र लागून होता. या समुद्राला टेथिस हे नाव व्हिएन्नाचे भूवैज्ञानिक एडुआर्ड सुएस यांनी १८९३ साली दिलं. किनाऱ्यापासून आत, लाटांची घुसळण पोचत नाही अशा तळावर बारीक काळा गाळ बसत होता आणि वरच्या पाण्यात अ‍ॅमोनाइट तरंगत होते.

हा प्राणी गोगलगाईचा भाऊबंद नव्हे. त्याचं नातं माकुलाशी. गुंडाळलेल्या शंखाच्या शेवटच्या, सर्वांत मोठ्या खोलीत तो राहायचा. वाढत गेला की पुढे सरकून मागे एक पडदा बांधायचा. असे पडदे घालत घालत शंखात रिकाम्या खोल्यांची रांग तयार व्हायची. सगळ्या खोल्यांतून एक बारीक नळी गेलेली असे; तिच्या मदतीने खोल्यांमधलं पाणी काढून तिथे वायू भरला जाई आणि शंख पाण्यात हलका राही. पडदा जिथे शंखाच्या भिंतीला चिकटतो ती रेघ सरळ नसते. ती पानाच्या कडेसारखी दंतुर असते, आणि प्रत्येक जातीची वेगळी. चांगल्या शाळिग्रामावर ही नक्षी नुसत्या डोळ्यांनी दिसते. तिरप्या उजेडात धरून पाहावी.

मेलेला अ‍ॅमोनाइट तळाच्या चिखलात रुतला की पुढचं काम जिवाणूंचं. त्या गाळात प्राणवायू जवळपास नाहीच. मांस कुजताना आजूबाजूच्या पाण्याचं रसायन बदलतं आणि विरघळलेला चुना शंखाभोवतीच घट्ट होऊ लागतो. चिखल अजून मऊ असतानाच शंखाभोवती कठीण गाठ तयार होते. कुजण्यातून सुटलेलं गंधक लोहाशी जुळून पायराइट होतं, त्याची सोनेरी चकाकी कित्येक शाळिग्रामांत दिसते. पुढे वर हजारो फूट गाळ साचतो, सगळा चिखल दाबून पातळ होतो, पण गाठ दबत नाही. म्हणूनच गाठीबाहेर शेलमध्ये अडकलेला शंख चपटा होतो आणि गाठीतला गोल राहतो. आपल्या शाळिग्रामाच्या डौलाचं श्रेय त्या वेळेवर आळलेल्या चुन्याला आहे.

पुढे भारत सुटा झाला आणि उत्तरेकडे सरकू लागला. वाटेत, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा वाहिला. ज्या बसाल्टवर आपली गावं वसली आहेत तो थिजत होता तेव्हा शाळिग्रामाच्या गाठी तयार होऊन आठ-नऊ कोटी वर्षं झाली होती आणि त्या अजून समुद्राखाली पडून होत्या. त्याच सुमारास जगभरातले अ‍ॅमोनाइट नामशेष झाले. पाच कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास भारत आशियाला भिडला. टेथिसचा तळ दुमडला, एकमेकांवर चढला, वर उचलला गेला. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडकही समुद्रातलाच आहे, आणि तो शाळिग्रामाहून कितीतरी जुना.

आता पुराणाकडे. गंडकीच्या काठच्या माणसांनी या दगडांकडे फार बारकाईने पाहिलं होतं, हे पुराणं वाचताना पदोपदी जाणवतं. वृंदेच्या, म्हणजे तुळशीच्या शापाने विष्णू गंडकीकाठी शिळारूप झाला ही कथा सर्वांना माहीत आहे. तुळशीच्या लग्नात नवरदेव म्हणून शाळिग्राम उभा राहतो तो त्यामुळेच. पण त्या कथेचा एक धागा मला फार मोलाचा वाटतो. दगडातली चक्रं कोरली कुणी, याचं उत्तर ब्रह्मवैवर्त पुराणात आहे: वज्रासारख्या दातांच्या किड्यांनी. म्हणजे हा आकार दगडाचा आपला नव्हे, त्यात एका जिवाचा हात आहे, हे कुणीतरी ओळखलं होतं. इंग्लंडात व्हिटबीला असेच अ‍ॅमोनाइट मिळतात. तिथे ते संत हिल्डाने दगड करून टाकलेले साप मानले गेले. तिकडे काय, इकडे काय, पाहणाऱ्याला दगडात प्राणी दिसला. क्रम मात्र उलटा होता. प्राण्याने दगड कोरला नाही. प्राणी आधी होता, दगड त्याच्याभोवती झाला.

हा दगड दक्षिणेत किती लवकर पोचला त्याचा एक भक्कम पुरावा आहे. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात, हृदयात ब्रह्माचं ध्यान कसं करायचं हे सांगताना शाळिग्रामातल्या हरीचा दाखला दिला आहे, आणि तो समजावून सांगण्याची गरज त्यांना वाटलेली नाही. म्हणजे बाराएकशे वर्षांपूर्वी वाचकाला तो ओळखीचाच होता.

शाळिग्रामाची जी प्रतवारी लावली जाते तीही निरीक्षणावर उभी आहे. चक्रं किती, ती बाहेर की आत, मुख केवढं, रंग कोणता, पांढरी रेघ आहे का, यावरून लक्ष्मीनारायण, सुदर्शन, दामोदर, नरसिंह अशी नावं ठरतात. गाठीच्या आतला शंख जिथे उघडा पडला ते मुख. शंखाचे वेढे किंवा त्याचा ठसा ते चक्र. फटीत मागाहून बसलेली चुन्याची शीर ती वनमाला. मोठ्या जबड्याचा नरसिंह म्हणजे बहुधा गाठीचा बराच भाग फुटून आत पोकळी राहिलेली. भूवैज्ञानिक जाती लावतो त्या शंखाच्या कडा, वेढे आणि दंतुर रेघा पाहून. दोघांची कारणं वेगळी, पण दगड हातात घेऊन फिरवून पाहायची सवय एकच.

युरोपीय अभ्यासकांच्या हाती हे दगड एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पडले. लंडनच्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८३२ साली एका जातीला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख नथॅनिएल वॉलिक यांचं नाव दिलं. हा अ‍ॅमोनाइट आज ब्लॅनफर्डिसेरास वॉलिची म्हणून ओळखला जातो. रिचर्ड स्ट्रेची यांनी कुमाऊँ-गढवालच्या नीती घाटाकडून जमवलेल्या जीवाश्मांचं वर्णन १८६५ साली छापलं गेलं, त्यातले अ‍ॅमोनाइट हेन्री ब्लॅनफर्ड यांनी अभ्यासले होते. हेच ब्लॅनफर्ड पुढे भारतीय हवामान खात्याचे पहिले प्रमुख झाले.

पण या खडकाला ओळख दिली ती फर्डिनांड स्टोलिचका याने. मोराव्हियात १८३८ साली जन्मलेला हा तरुण भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात १८६२ साली रुजू झाला आणि दोनच वर्षांनी सतलजच्या वाटेने स्पितीत शिरला. ग्युमल, चिक्किम, लिलांग, मुथ अशी तिथल्या गावांची नावं त्याने एकेका थराला दिली, आणि अ‍ॅमोनाइटच्या गाठींनी भरलेल्या काळ्या थराला स्पिती शेल म्हटलं. दीडशेहून अधिक वर्षं झाली, तीच नावं आजही वापरात आहेत. स्पितीतला हा थर कुमाऊँ, नेपाळ आणि तिबेटात पुन्हापुन्हा उघडा पडतो; मुस्तांगमधला शाळिग्रामाचा थर तो हाच. स्टोलिचका १८७४ साली यारकंदच्या मोहिमेवरून परतताना काराकोरम ओलांडल्यावर मुर्गो इथे उंचीच्या आजाराने गेला. वय अवघं छत्तीस. लेहमध्ये त्याचं स्मारक आहे. ज्यांच्या देवघरात शाळिग्राम आहे त्यांनी हे नाव लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. त्याच्या मागून व्हिएन्नाच्या व्हिक्टर उहलिग यांनी १९०३ ते १९१० या काळात स्पिती शेलमधल्या जीवाश्मांवर जो मोठा ग्रंथ लिहिला, तो आजही आधाराला घ्यावा लागतो.

दोन गोष्टींचा घोळ मात्र नेहमी होतो. अमुक देवळातली काळी मूर्ती शाळिग्राम शिळेची आहे, असं आपण सर्रास ऐकतो. शेल हातात चुरा होतो आणि त्यातल्या गाठी सहसा मुठीएवढ्या. त्यातून हात-दीड हात उंचीची कोरीव मूर्ती निघणार नाही. ती शिळा गंडकीच्या खोऱ्यातली असेलही, पण दुसऱ्या खडकाची. दुसरा घोळ बाजारातला. शाळिग्रामाची खरेदी-विक्री धर्मशास्त्राने निषिद्ध मानली आहे, तरी तो विकला जातो, आणि मागणी आली की नक्कलही येते. साध्या काळ्या गोट्यावर यंत्राने वेढे कोरलेले असतात. खऱ्या शंखाचे वेढे आतून बाहेर ठरावीक प्रमाणात रुंदावत जातात, कडा पुढच्या वेढ्याखाली दडतात, कुठेतरी पडद्याची दंतुर रेघ डोकावते. कोरणाऱ्याला हे जमत नाही.

शाळिग्राम नदीतून उचलावा, डोंगर फोडून काढू नये, असा जुना संकेत मी जाणत्या माणसांकडून ऐकला आहे. भूविज्ञानाच्या बाजूने पाहिलं तर तो फार शहाणपणाचा आहे. नदीत वाहून आलेल्या गोट्याचा थर आधीच सुटलेला असतो. तो नेमका कुठून, कितव्या थरातून आला हे आता कुणालाच सांगता येणार नाही, त्यामुळे तो देवघरात गेल्याने अभ्यासाचं काही बिघडत नाही. उघड्या कड्यातून हातोडीने उकरलेल्या अ‍ॅमोनाइटचं तसं नाही. त्याच्या वर काय होतं, खाली काय होतं, शेजारी कोण होतं, यावरूनच त्या समुद्राचा इतिहास लावला जातो. स्पितीत लांगझासारख्या गावांत पर्यटकांना अ‍ॅमोनाइट विकले जातात, आणि विकण्यासाठी ते कड्यांतून काढले जातात. दरवर्षी बर्फ वितळलं की गंडकी आणि तिचे ओढे ते मऊ शेल धुऊन काढतात आणि नव्या गाठी पात्रात आणून टाकतात. ज्याला शाळिग्राम हवा त्याच्यासाठी त्या पुरेशा आहेत. कड्याला हात लावायची गरज नाही.