तळटीप १४ : व्हेगसस्टॉफ

१४. व्हेगसस्टॉफ : व्हेगस मज्जातंतूच्या टोकांतून स्रवणारे, हृदयाची गती मंदावणारे द्रव्य, आजचे नाव ॲसिटिलकोलीन. व्हेगस हा स्वायत्त चेतासंस्थेच्या परानुकंपी विभागातला प्रमुख मज्जातंतू. मेंदूच्या तळापासून निघून तो हृदय, फुप्फुसे, जठर व आतड्यांपर्यंत जातो आणि आपल्या इच्छेची वाट न पाहता काम करतो.

मजकुरातला प्रयोग ऑटो लोवी (१८७३–१९६१) यांचा. स्थळ ऑस्ट्रियातील ग्राझ, प्रसिद्धी १९२१. बेडकाची दोन हृदये त्यांनी शरीराबाहेर क्षारद्रावणावर चालू ठेवली. एकाच्या व्हेगसला विजेने चेतवताच ठोके मंदावले. मग त्यातले द्रावण दुसऱ्या हृदयात घातले, आणि ज्याच्या मज्जातंतूला कोणी हातही लावला नव्हता, ते हृदयही मंदावले! मज्जातंतू अवयवाला हुकूम देतो तो रसायनाच्या हाती, हे इतक्या साध्या मांडणीने सिद्ध व्हावे, ही शरीरक्रियाशास्त्रातली फार सुंदर गोष्ट आहे. ठोके वाढवणाऱ्या अनुकंपी तंतूंचेही असेच द्रव्य लोवींना आढळले.

हेन्री डेल यांच्यासह लोवींना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मजकुरात पुढे उल्लेखलेले ॲट्रोपीन हे औषध ॲसिटिलकोलीनचा हृदयावरील परिणाम रोखते, म्हणून नाडी जलद होते.