साथीच्या काळातली देणगी : पैसा कुठं गेला, वर्गणीचा नियम काय?

अर्धापूर : मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा नांदेडच्या तख्त सचखंड हुजूर साहिबला दर्शनाला आलेले हजारो भाविक तिथंच अडकले. एप्रिलअखेर बसने पंजाबला निघेपर्यंत त्यांचं जेवण लंगरमध्ये झालं. लंगर भाविकांच्या देणगीवर आणि सेवेवर चालतो. रोख नसेल तर पीठ, डाळ दिली तरी चालते. गावाकडच्या माणसाला ही रीत सोपी.

रोख पैसा मात्र वरच्या निधीकडं गेला. शिर्डीच्या साईबाबा संस्थानने मुख्यमंत्री सहायता निधीला ५१ कोटी रुपये दिले. कंपन्यांनी पीएम केअर्सला दिलेली रक्कम सीएसआरमध्ये धरली गेली, मुख्यमंत्री निधीला दिलेली नाही. त्यातच सप्टेंबर २०२० मध्ये विदेशी देणगीचा कायदा बदलला. बाहेर देशातून आलेला पैसा मोठ्या संस्थेला दुसऱ्या संस्थेकडं वळता करता येईना. तालुक्याच्या बऱ्याच लहान संस्थांना याच वाटेनं मदत यायची, ती ऐन साथीत बंद झाली.

मग राहिली गावची वर्गणी. नोंदणी नसलेल्या तरुण मंडळाला ती गोळा करायची तर कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं दरवर्षी घेतात तीच. संस्था नोंदणीकृत असेल तर पावतीवर नोंदणी क्रमांक बघून घ्यावा. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर आयकराची सवलत मिळत नाही. शेतीच्या उत्पन्नावर आयकरच नाही, म्हणून शेतकऱ्याला त्या सवलतीचं फारसं काही नाही. पावती मात्र सोडू नये, नंतर हिशोब विचारायला तोच कागद हातात राहतो.