तिसऱ्या दिवशीही राहिला, तर खोटा

१८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमधल्या, म्हणजे आजच्या इस्तंबूलमधल्या, एका ग्रंथालयात फिलोथिओस ब्रिएनिओस या ग्रीक पंडिताला एक जुनं हस्तलिखित सापडलं. लिओ नावाच्या लेखनिकाने ते १०५६ साली उतरवून काढलं होतं. त्यात एक छोटं पुस्तक होतं, 'दिदाखे', म्हणजे शिकवण. मूळ पुस्तक याहून कितीतरी जुनं. बहुतेक अभ्यासक ते पहिल्या शतकाच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला ठेवतात. इतकं लहान की मी ते मोबाइलवर एका बैठकीत संपवलं.

प्रार्थना, बाप्तिस्मा, उपवास हे सगळं त्यात आहेच. पण मी थबकलो ते पाहुण्यांच्या नियमांपाशी.

तेव्हा नव्या कराराची पुस्तकं एकत्र बांधलेली नव्हती. गावोगावच्या मंडळ्या कुणाच्या तरी घरात जमत. वाटेवरून कुणी येई, मी प्रेषित आहे म्हणे, आणि लोक त्याला घरात घेत. आता हा खरा की भोंदू? दिदाखे सांगते: आलेल्याचं स्वागत करा. तो एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तिसऱ्या दिवशीही राहिला, तर तो खोटा संदेष्टा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी द्या. पैसे मागितले, तर खोटा. (आपल्या 'एक दिवस पाहुणा, दोन दिवस पई, तिसरे दिवशी राही त्याची अक्कल जाई' या म्हणीचा हिशेबही नेमका हाच!)

गंमत अशी, की आत्म्याच्या प्रेरणेने बोलणाऱ्या संदेष्ट्याची परीक्षा घ्यायला याच पुस्तकात सक्त मनाई आहे. ते अक्षम्य पाप. मग तपासायचं काय? त्याचं वागणं. अंगात आल्यासारखं बोलत जेवणाचं ताट मांडायला सांगितलं आणि स्वतःच जेवला, तर खोटा. शिकवतो ते स्वतः करत नाही, तरी खोटा. कुणाला कायमचं राहायचं असेल आणि हातात कसब असेल, तर त्याने काम करावं आणि खावं. याला जो तयार नाही त्याच्यासाठी ग्रीकमध्ये एक झणझणीत शब्द आहे. ख्रिस्ताच्या नावावर धंदा करणारा, असा त्याचा अर्थ.

असे नियम करणाऱ्यांना अनुभव आलेले असणार, असं मला वाटतं. दुसऱ्या शतकातला लेखक ल्युशियन एका पेरेग्रिनसची गोष्ट सांगतो. ल्युशियन ख्रिस्ती नव्हता, उलट सगळ्यांची टर उडवणारा, त्यामुळे तपशील थोडे जपूनच घ्यावेत. त्याच्या म्हणण्यानुसार पेरेग्रिनस पॅलेस्टाइनमध्ये ख्रिस्ती लोकांत शिरला आणि बघता बघता त्यांचा पुढारी झाला. पुढे श्रद्धेपायी तुरुंगात गेला. पहाटेपासून म्हाताऱ्या विधवा आणि अनाथ मुलं तुरुंगाच्या दाराशी थांबू लागली. मंडळीतले वजनदार लोक पहारेकऱ्यांना पैसे चारून रात्री त्याच्याजवळ झोपत. आशियातल्या शहरांतून मंडळ्यांच्या खर्चाने माणसं मदतीला आली. पेरेग्रिनसकडे पैसा जमला. सुटल्यावर काही काळाने मंडळीने त्याला बाहेर काढलं. निषिद्ध काहीतरी खाल्लं असावं, असा ल्युशियनचा तर्क. इसवी सन १६५ मध्ये ऑलिंपियाच्या खेळांच्या वेळी त्याने सगळ्यांदेखत चितेत उडी घेतली.

दिदाखेचे नियम त्याला लावून पाहिले, तर पंचाईत होते. दुसऱ्या गरजूंसाठी कुणी मागत असेल तर त्याला दोष देऊ नका, असंही दिदाखे म्हणते. ही सवलत मला आवडते, पण भोंदूला आत शिरायला फट इथेच सापडते. पेरेग्रिनसला तर तीही लागली नाही. ल्युशियनच्या कथेत तो तुरुंगातून पैसे मागताना दिसतच नाही, लोकच आणून देतात.

त्यावरही दिदाखेच्या पहिल्याच प्रकरणात एक वाक्य आहे. त्याचा आशय असा, की आपण कुणाला देतोय हे कळेपर्यंत दान मुठीत धरून ठेवावं, हाताला घाम फुटला तरी.