नळीच्या आत काय आहे?

नक्कल दोन तऱ्हेची असते. एक अस्सल वस्तूचं बळ घेते, दुसरी नुसतं रूप घेते. अमेरिकेत हौशी लोक जुन्या लष्करी रायफलींच्या नकला बनवतात. १९८६ च्या कायद्यानं तिथं सामान्य माणसासाठी नवी मशीनगन बनवायला बंदी आली. म्हणून ह्या नकला अर्धस्वयंचलित. दिसायला तीच रायफल, पण एकदा घोडा ओढला की एकच गोळी. तिकडं हा शौक आहे. आपल्याकडं मात्र बंदुकीची नक्कल राज्य टिकवायला केली गेली.

१८५७ ला साताऱ्यात रंगो बापूजींचा कट फुटला. गेंडामाळावर १७ जणांना मारलं. उत्तरेतलं बंडही मोडलं. मग इंग्रजानं हिशेब केला: देशी शिपाई तर पाहिजे, पण त्याची बंदूक गोऱ्यापेक्षा उणी पाहिजे. १८५३ च्या नमुन्याच्या एन्फिल्ड रायफलीच्या नळीत आतून पेचदार खाचा होत्या. गोळी त्यातून फिरत निघायची, म्हणून लांब आणि सरळ जायची. देशी पलटणींसाठी तिच्यासारखीच दुसरी बंदूक काढली. बाहेरून तीच, पण नळी आतून गुळगुळीत. शंभर यार्डांपलीकडं नेमाचा भरवसा नाही. परेडीवर सारखेपणा, रणात नाही.

पुढंही तेच. गोऱ्याकडं मार्टिनी आली तेव्हा काळ्याला स्नायडर. गोऱ्याला ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा काळ्याला त्याची टाकलेली मार्टिनी. म्हणजे बंदुकांचंही चातुर्वर्ण्यच की! त्यात १८७८ चा शस्त्र कायदा. परवान्याशिवाय हत्यार बाळगायचं नाही.

ह्या उतरंडीच्या तळाशी महार होता. त्याला तर उणी बंदूकही ठेवली नाही. लढाऊ जातींचं शास्त्र काढून १८९२ च्या सुमाराला महारांची भरती थांबवली. ज्यांच्या बापजाद्यांनी कंपनीला राज्य मिळवून दिलं, ते एका फटक्यात बिनलढाऊ ठरले.

भरती गेली म्हणजे नुसती बंदूक गेली नाही. पगार गेला, पेन्शन गेली, पलटणीतली शाळा गेली. रामजी सुभेदार पलटणीतल्या शाळेचे हेडमास्तर होते. पेन्शनीनंतर ते साताऱ्यात राहिले. ७ नोव्हेंबर १९०० ला भिवाचं नाव तिथल्या सरकारी हायस्कुलात लागलं. ह्या घरात पुस्तक पलटणीच्या वाटेनं आलं होतं. आणि १९०१ ला त्याच सुभेदाराच्या पोरांना मसूर स्टेशनावर, जात कळताच, बैलगाडी मिळेना, पाणी मिळेना. सुभेदारी पलटणीत चालली, गावात चालली नाही.

शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० ला थेट विलायतेत अर्ज धाडला: आम्हाला फौजेत आणि पोलिसांत घ्या. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ वी महार पलटण उभी केली. गरज सरली, १९२१ ला मोडली. पुन्हा युद्ध आलं. बाबासाहेब १९४१ ला संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली.

त्या वेळचा सातारा जिल्हा म्हणजे आजच्या सांगलीचाही बराच मुलूख. तिथं १९४३ नंतर नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं होतं. कुंडलची तुफान सेना सरकारविरुद्ध हत्यारं जमवत होती. तेव्हा कुणी विचारतं, महार पोरं सरकारच्या पलटणीत का गेली? ज्याला दोन पिढ्या बंदुकीला हात लावू दिला नाही, त्याचं उत्तर वेगळंच असणार. त्याला आधी माणसांच्या रांगेत उभं राहायचं होतं. १९४६ ला ही रेजिमेंट मशीनगन रेजिमेंट झाली. बिल्ल्यावर दोन व्हिकर्स मशीनगनी आल्या. बिनलढाऊ म्हणून हाकललेल्या माणसाच्या हाती आता मशीनगन होती.

स्वतंत्र भारतातही एक नक्कल झाली. १९६२ च्या चीन युद्धात आपला जवान थ्री-नॉट-थ्री घेऊन लढला. दर गोळीला हातानं बोल्ट ओढायचा. मग पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेनं परदेशी एफ. एन. रायफलीचे नमुने खोलून, मापं घेऊन एस. एल. आर. तयार केली. बंगालात ईशापूरच्या कारखान्यात ती बनू लागली. दर गोळीला घोडा ओढायचा, पुढची गोळी आपोआप भरते. ही पण नक्कलच. पण नळी खरी होती, आतल्या खाचांसकट.

कार्यकर्त्यानं ह्यातून एवढंच घ्यावं. आपल्याला जे जे सारखं म्हणून दिलं जातं, ते बाहेरून बघू नये. १९५८ च्या कायद्यानं वतन गेलं. जमीन कुणाच्या ताब्यात राहिली? राखीव जागेवर आपला सरपंच निवडून आला. ठराव कुणाच्या वाड्यावर लिहिला जातो? जाहिरात निघाली, जागा भरली का? इंग्रजाची ती बंदूक चकचकीत होती, परेडीत शोभत होती. शिपायाला तिचं उणेपण गोळी झाडल्यावर कळलं असेल. आपण तेवढं थांबायचं कारण नाही. आधी नळीत बोट घालून बघा. खाचा लागतात का?