गिटार कुणाची?

‘होमबॉय’ हा १९८८ चा सिनेमा आम्ही सात-आठ जणांनी विहारामागच्या खोलीत पाहिला. सिनेमा संपला आणि भांडण सुरू झालं. रात्री दोनपर्यंत. म्हणून दोस्तांनो, हे लिहितोय.

मिकी रोर्कनं तो स्वतःच लिहिलेला, नायकही तोच. जॉनी वॉकर नावाचा एक फाटका गोरा बॉक्सर न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर उजाड गावात येतो. धड बोलत नाही, पितो. डोक्याला अशी इजा की पुढचा एक ठोसा जीव घेईल. एक लफंगा त्याला दरोड्यात ओढू बघतो. गोष्ट एवढीच. बाकी रिकामे रस्ते, करडा समुद्र, आणि एरिक क्लॅप्टनची गिटार.

अर्धे म्हणले, हा आपलाच माणूस, अंग विकून जगणारा. बाकीचे म्हणले, कसला आपला? दुःख सजवून विकायचा धंदा सगळा, झोप आली आम्हाला. मी पहिल्यांच्यात होतो. खरं सांगतो, ती गिटार मला आत लागली. बाप हमाली करून आला की असाच भिंतीला टेकून गप बसायचा.

तेवढ्यात आमच्यातली एक पोरगी म्हणली, हा क्लॅप्टन म्हणजे बर्मिंगहॅमवालाच ना?

तोच. ५ ऑगस्ट १९७६ ला बर्मिंगहॅमच्या ओडियन थिएटरात, दारूच्या नशेत, त्यानं स्टेजवरून शिव्या घालत सांगितलं : परक्यांना, काळ्यांना देशातून हाकला, इनॉक पॉवेलला मत द्या. हा पॉवेल म्हणजे ज्यानं १९६८ साली त्याच शहरात बाहेरून आलेल्यांच्या विरोधात विखारी भाषण केलं. त्यात आपल्याकडून तिकडं गेलेली माणसंही आली. आणि क्लॅप्टन? दोनच वर्षांआधी, १९७४ ला, जमैकाच्या बॉब मार्लेचं ‘आय शॉट द शेरीफ’ गाऊन अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलेला. ज्याला तो गुरू मानतो तो रॉबर्ट जॉन्सन मिसिसिपीचा काळा माणूस. १९३६-३७ मध्ये एकोणतीस गाणी रेकॉर्ड करून १९३८ साली सत्ताविसाव्या वर्षी मेला. गाणं पाहिजे, गाणारा शेजारी नको. हलगी वाजवणाऱ्याला मिरवणुकीत पुढं आणि पंगतीत बाहेर बसवणारं गाव आपण पाहिलंय, त्यामुळं हे कुणी समजावून द्यायची गरज पडली नाही.

तिथली पोरं मात्र गप बसली नाहीत. रेड सॉन्डर्स आणि त्याच्या साथींनी संगीताच्या साप्ताहिकांना पत्र लिहून क्लॅप्टनला जाब विचारला. त्यातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ ला लंडनच्या ट्रॅफल्गार चौकातून व्हिक्टोरिया पार्कपर्यंत हजारोंचा मोर्चा चालत गेला. तिथं ‘द क्लॅश’ वाजवून गेले, तसे ‘स्टील पल्स’ही. ही ‘स्टील पल्स’वाली काळी पोरं बर्मिंगहॅमच्याच हँड्सवर्थ वस्तीतली, हे मला फार आवडतं. क्लॅप्टननं आपल्या त्या वागण्याची लाज वाटते असं जाहीर म्हणायला २०१८ उजाडलं.

मग सिनेमाचं संगीत पुन्हा ऐकलं. त्याच्या ध्वनिमुद्रिकेत क्लॅप्टनच्या तुकड्यांमध्ये मॅजिक सॅमचं एक गाणं आहे. सॅम मिसिसिपीत जन्मला, शिकागोत वाजवत राहिला, १९६९ साली बत्तिसाव्या वर्षी हृदय बंद पडून गेला. पाहताना आमच्यातल्या एकाचंही त्या आवाजाकडं लक्ष गेलं नव्हतं. माझंही नाही.

आणि रिंग तरी कुणाची? जॅक जॉन्सन १९०८ साली सिडनीत जगज्जेता झाला, हेवीवेटचा पहिला काळा. ४ जुलै १९१० ला रेनोत त्यानं जेफ्रीजला लोळवलं, तर गोऱ्यांच्या टोळ्यांनी गावोगाव काळ्यांवर हल्ले केले, माणसं मारली. त्या सामन्याच्या फिल्मवर शहरांनी बंदी घातली. १९१२ मध्ये तर अशा फिल्म एका राज्यातून दुसऱ्यात न्यायलाच कायद्यानं मनाई झाली. हरणाऱ्या गोऱ्याचं दुःख दाखवता येतं, जिंकणारा काळा दाखवता येत नव्हता!

एवढं होऊनही मी गिटारीबद्दलचं मत बदललं नाही. पोरगी म्हणली, ऐक, पण बापाचं नाव त्याला जोडू नकोस. ह्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

पुढच्या रविवारी जॅक जॉन्सनवरचा १९७० चा माहितीपट लावायचं ठरलंय. संगीत माइल्स डेव्हिसचं. त्यात गिटार वाजवणारा जॉन मॅक्लॉफ्लिन मात्र इंग्लंडातला गोरा. म्हणजे पुन्हा भांडण. चहाची वर्गणी आणा.