फाट्यावरचा स्टेंट

कॅथलॅबमध्ये वायर, बलून, स्टेंट डॉक्टरांच्या हाती देण्यात माझी उमेदीची वर्षं सरली. हृदयाच्या धमनीला जिथे फांदी फुटते नेमका तिथेच ब्लॉकेज निघाला, की स्क्रीनसमोर सगळे गप्प होतात. मुख्य धमनीत स्टेंट फुगवला की चरबीचा थर सरकून फांदीचं तोंड दाबू शकतो. मग फांदीतही स्टेंट घालायचा का? या एका प्रश्नावर जगभरचे डॉक्टर वर्षानुवर्षं भांडत आलेत, आणि आकडे मांडून चाललेला हा वाद मला आमच्या कामातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते.

डॉक्टर ग्रुंट्झिग यांनी १९७७ साली झुरिकमध्ये हृदयाच्या धमनीची पहिली अँजिओप्लास्टी केली ती नुसत्या बलूनने. १९८६ मध्ये स्टेंट आला, पण तो सरळ नळीसारखा. फाट्यावर कसा बसणार? त्यातून युक्त्या निघाल्या. फांदीतला स्टेंट मुख्य धमनीच्या कडेला टेकवून थांबवायचा, ती टी. दोन्ही स्टेंट मुख्य धमनीत एकमेकांत घालायचे, ती क्युलॉट. मिलानच्या अँटोनियो कोलंबोंची क्रश २००३ मध्ये प्रसिद्ध झाली: फांदीतल्या स्टेंटचं टोक थोडं मुख्य धमनीत ठेवायचं आणि दुसऱ्या स्टेंटने ते भिंतीशी चेपायचं. फांदीच्या तोंडाशी जागा उघडी राहत नाही हे खरं, पण तिथे जाळीचे थर साचतात. त्या थरांतून पुन्हा वायर पार करायची म्हणजे डॉक्टरांची कसोटी. शिसाचा एप्रन खांद्यावर रुतत असतो आणि वायरचं टोक त्याच जागी अडत राहतं.

मग मोजमाप सुरू झालं. २००६ च्या नॉर्डिक चाचणीत ४१३ रुग्ण होते. सहा महिन्यांनी एक स्टेंट की दोन, फरक दिसला नाही. २०१० च्या ब्रिटिश चाचणीत ५०० रुग्णांपैकी साध्या, म्हणजे आधी एकच स्टेंट घालण्याच्या पद्धतीच्या गटात ८ टक्क्यांना मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पुन्हा प्रोसिजर यांपैकी काहीतरी झालं. दोन स्टेंटच्या गुंतागुंतीच्या पद्धतीत १५.२ टक्क्यांना. एकच घाला, गरज पडली तरच दुसरा, हा शिरस्ता पक्का झाला.

नानजिंगचे डॉक्टर शाओ-लियांग चेन मात्र दोन स्टेंटपासून मागे हटले नाहीत. त्यांनी क्रशमध्ये मुख्य धमनी आणि फांदी यांतले दोन्ही बलून एकत्र फुगवायची पायरी दोनदा केली. २०१७ मध्ये लेफ्ट मेनच्या, म्हणजे हृदयाच्या डाव्या मुख्य धमनीच्या फाट्यावर, ४८२ रुग्णांत, वर्षभरात त्या जागी पुन्हा बिघाड झाला ५ टक्क्यांना. आधी एकच स्टेंट घालणाऱ्या गटात १०.७ टक्क्यांना. २०२१ च्या युरोपीय चाचणीत मात्र ४६७ रुग्णांत दोन स्टेंटचा फायदा दिसला नाही. माझ्या मते दोन्ही निष्कर्ष खरे. चेन यांच्या रुग्णांच्या फांदीतला आजार बराच लांबवर पसरलेला होता. फांदी मोठी आणि आजार आत खोलवर असेल तर सुरुवातीपासून दोन. नाहीतर एक पुरे.

आपल्याकडे या वादाला पैशाचीही बाजू होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. त्याआधी दुसरा स्टेंट म्हटला की बाहेर बसलेल्या नातेवाइकांचे चेहरे उतरत.

तुमच्या घरात कुणाला फाट्यावर स्टेंट बसला असेल तर अँजिओग्राफीची सीडी आणि डिस्चार्ज कार्ड टाकून देऊ नका, आणि कार्डावर पद्धतीचं नाव लिहून मागा. पुढे कधी वायर घालायची वेळ आली तर जाळीचे थर कुठे आहेत ते त्या डॉक्टरांना आधी कळायला हवं.